लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती

१२ फेब्रुवारी

बारक्या,

मावशीकडून तुझा पत्ता घेतला. "आता कशाला हवाय?" असं तिने विचारलंच. म्हटलं, बाबांच्या कागदांवर त्याची सही लागेल. सही वगैरे काही नकोय. पण मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत झालं असतं.

खरं असं की मी तुझी गोष्ट वाचते आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. मेकॅनिक काका कुठल्याशा पार्टची वाट बघत माझ्याकडे चहाला बसले होते आणि मोबाइलमध्ये बघून एकटेच हसत होते. विचारलं तर म्हणाले, "आमचा लिफ्टवाल्यांचा कट्टा आहे, इंटरनेटवर. कामातल्या अडचणी विचारतो, जुने पार्ट विकतो. त्यात एक जण 'तळमजला' नावाने गोष्ट लिहितो, दर शनिवारी एक भाग. वाचा तुम्ही. आहे आमच्या धंद्यातली, पण बायकांनाही कळेल." मी म्हटलं, बायकांना सगळंच कळतं, बोलत नाहीत एवढंच.

पहिल्याच भागात एक म्हातारा पेपर वाचता वाचता चपलेने फरशीवर ताल धरतो, आणि बायको आतून ओरडली की थांबत नाही, नुसता पाय बदलतो. बाबांचं हे तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? आईसुद्धा ओरडायची, पण बघायला बाहेर यायची नाही.

मी तेव्हा आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये होते. साच्यासाठी कालवलेलं प्लास्टर वाटीतच दगड झालं आणि मालकांची बोलणी खाल्ली, ती वेगळी. होते तेवढे सगळे भाग वाचून काढले. गोष्टीतल्या बहिणीला तू नाव दिलेलं नाहीस, नुसतं 'मोठी' म्हणतोस. ती वाईट नाही, हे मला जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्यास तर निदान उलट घालता आल्या असत्या.

छान लिहितोस. एवढंच सांगायचं होतं.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

आधीचं पत्र टाकलं नाही. लॅबच्या खणात, नापास होऊन परत आलेल्या कवळ्यांच्या डब्याखाली पडून आहे. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली म्हणजे काय, गाळली.

मी नुसती वाचत नाही, प्रतिसादही देते. नाव सांगत नाही, तूच ओळख.

तुमच्या कट्ट्याचा नियम मला फार आवडला. आधी चूक, मग कौतुक. प्रत्येक प्रतिसादाची पहिली ओळ चूक दाखवणारी. चूक न काढता नुसतं "वा वा" लिहिलं की 'वंगण' नावाने कट्टा चालवणारे गृहस्थ तो प्रतिसाद काढून टाकतात. नवीन माणसाला बजावून सांगतात, "कौतुकात थापा चालतील, चुकीत नाही. आपल्या धंद्यात खोटी चूक सांगितली की कुणाचा तरी जीव जातो." मला वाटलं होतं लिफ्टवाले म्हणजे रांगडे लोक, गोष्टीत काय बघणार? पण तो 'खटका' म्हणून आहे ना, तो तुझा भाग वाचून म्हणतो, "चूक: ब्रेकचा आवाज असा येत नाही. कौतुक: म्हाताऱ्याचा ताल वाचून बाप आठवला, ड्युटीवर रडलो." दोन्ही एकाच दमात. आमच्याकडे डॉक्टर नुसते चुकाच पाठवतात. "चावताना उंच लागतं." "रंग पिवळा दिसतो." वीस वर्षांत एकाने कळवलं नाही की म्हातारी मनासारखी जेवली.

मला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं, मग चूक कशी काढणार? तिसऱ्या भागात तुझा म्हातारा सफरचंद पुढच्या दातांनी कचकन तोडतो. मी लिहिलं, "चूक: पूर्ण कवळी असलेला माणूस सफरचंद पुढून तोडत नाही, कवळी उचकटते. फोड करून बाजूने चावतो." तू ताबडतोब उत्तर दिलंस, "चूक मान्य, पायरीकाका."

हो. 'पायरी' मी आहे. लिफ्टवाल्यांत शोभेल म्हणून घेतलेलं नाव. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला काका केलंत, रिटायर्ड इन्स्पेक्टर केलंत, आणि मीही खोडून काढलं नाही. बरं वाटलं. काकांवर कुणी रुसत नाही.

मग तू मला वेगळे निरोप पाठवायला लागलास. "काका, तुमची चूक वाचल्याशिवाय पुढचा भाग लिहिता येत नाही." "काका, घरचं कुणी वाचत नाही. एक बहीण आहे, बोलत नाही." यावर मी काय लिहिलं, आठवतं? "बोलेल. धीर धर." स्वतःचीच शिफारस स्वतः केली. लाज वाटली, पण पाठवलं.

ताई


१९ मार्च

बारक्या,

नववा भाग वाचला.

तो येणार हे मला ठाऊक होतं. तू बाबांच्या आजारपणापर्यंत आला होतास. अर्धांगवायूने बाबा माझ्याकडे पडून, तुला तिकडे सुट्टी मिळत नाही, आणि फोनवर मी म्हणते, "मग आता येऊच नकोस." ते शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस. वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो चांगला नव्हता.

मग म्हातारा जातो, मुलगा उशिरा पोचतो. संत्र्यांची पिशवी घेऊन बहिणीच्या बिल्डिंगमध्ये शिरतो. मेकॅनिक माणूस, नजर आधी लिफ्टच्या आकड्याकडे. लिफ्ट चौथ्यावर. खाली बोलावतो, वर जातो, बेल वाजवतो. "ताई, आहेस का घरात?" कुणी बोलत नाही. पुन्हा बेल, पुन्हा तेच. शेवटी पिशवी कडीला अडकवतो आणि लिफ्ट समोर उभी असताना जिन्याने उतरतो. शेवटचं वाक्य, "लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती." पुढे काही नाही.

कट्टा पेटला. खटक्याने फैसलाच देऊन टाकला, "लिफ्ट चौथ्यावर म्हणजे शेवटचा माणूस चौथ्यावर उतरला. बाई घरात होती. विषय संपला." 'दोरखंड' म्हणाला, समोरच्या घरातलं कुणी उतरलं असेल. तू सांगितलंस, समोरचं घर रिकामं होतं. त्यावर मग एकेकाला कंठ फुटला. "भाऊ दारात आणि ही आत बसून." "दगड आहे का बाई?" एकाने लिहिलं, असल्या बहिणीपेक्षा एकटा बरा, आणि त्याच्या खाली अंगठ्यांचा ढीग.

आणि तू फक्त एवढं लिहिलंस, "मला खरंच माहीत नाही ती आत होती का. चार वर्षं झाली. माहीत असतं तर गोष्ट कशाला लिहिली असती?"

मी लॅबमध्ये एका वरच्या कवळीचं मेण कापत होते. हात थांबले. मग पायरीकाकांनी प्रतिसाद दिला. तू वाचलाच आहेस. ज्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतं तिथे लिफ्ट रिकामी राहिली की आपोआप वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहील अशी लावतात, त्यामुळे आकड्यावरून कुणी घरात होतं असं म्हणता येत नाही. हे मी मनाने रचलेलं नाही. मेकॅनिक काकांना विचारलं होतं.

एवढंच लिहिते आज. मुकाट झोपते.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

मेकॅनिक काकांनी काय सांगितलं ते पूर्ण लिहिते. मी विचारलं, लिफ्ट आपोआप वर जाऊन उभी राहते का? ते म्हणाले, "काही ठिकाणी लावतात तशी. तुमची नाही. तुमची जिथे सोडाल तिथे झोपते."

मी पहिला अर्धा भाग कट्ट्यावर टाकला आणि दुसरा गिळला.

वाटलं होतं, लोक जरा गप्प बसतील, 'दगड' म्हणायचे थांबतील. पण वंगणांनी खाली लिहिलं, "बरोबर. आम्ही स्वतः अशा बसवल्या आहेत. पायरीकाकांनी डोळे उघडले." खटक्यासारखा खटका, त्यानेही माघार घेतली. "चूक काढली आहे म्हणजे खरी असणार. बाईची माफी मागतो." माझी माफी मागितली, बारक्या. माणूस कुठला कोण, बायकोपुढेसुद्धा हार मानत नसेल, आणि माझ्यापुढे मानली. कवळीखाली दाणा अडकावा तशी ती माफी मला टोचते आहे.

तेही सहन झालं असतं. पण तू दहावा भाग लिहिलास. मोठी त्या दुपारी घरात नसते. बाबांची उरलेली औषधं दवाखान्यात परत द्यायला गेलेली असते. परत येते, पिशवी बघते, धावत रस्त्यापर्यंत जाते. तू किती प्रेमाने लिहिलंयस ते. मी परत देण्याइतकी व्यवस्थित कधीच नव्हते. औषधं अजून माळ्यावर आहेत.

सगळ्यांनी चूक म्हणून कसलेतरी बारीकसारीक स्क्रू काढले आणि कौतुकात नुसता महापूर. तू तर उड्या मारत होतास. आणि मी तुझ्या गोष्टीत माझ्या सोयीचं कुलूप लावून बसले होते.

ताई


९ एप्रिल

बारक्या,

तीन दिवसांपूर्वी पायरीकाकांना तुझा निरोप आला. तो इथे उतरवून काढते, कारण या पत्रातलं एवढंच मला खात्रीने खरं वाटतं.

"काका, तुम्ही नसतात तर मी आयुष्यभर तिच्यावर डूख धरून बसलो असतो. मी मेकॅनिक असून मला सुचलं नाही. ती आत नव्हतीच, आणि मी चार वर्षं फोन केला नाही. चूक माझी. मे महिन्यात सुट्टी काढतो आणि तिच्या दारात जाऊन माफी मागतो. ती रागावेल, पण ती रागावलेली मला चालते."

मी तो निरोप बाथरूममध्ये जाऊन वाचला, कारण लॅबमध्ये सगळे विचारायला लागले होते, "ताई, काय झालं?" काही नाही म्हटलं, मेणाचा धूर डोळ्यात गेला.

तुला काय वाटतं, मी काय विचार केला असेल? पहिला विचार हा की येऊ दे. येऊ दे, मागू दे माफी, मी 'असू दे रे' म्हणेन, जेवायला वाढेन, आणि पायरीकाका एक दिवस कट्ट्यावरून हळूच नाहीसे होतील. म्हातारा माणूस, होतात नाहीसे. कुणाचं काय बिघडलं? भाऊ मिळाला. एवढं सोपं होतं, आणि दोन दिवस मी हेच ठरवून बसले होते. भाजी आणताना, लिफ्टमध्ये, सगळीकडे मनात तुला वाढत होते.

मग काल लिफ्टमधून चौथ्यावर उतरले, दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. लिफ्ट वर जात नाही, खाली जात नाही. बराच वेळ उभी राहिले. ती आपली चौथ्यावर झोपलेली. तू येशील तेव्हा तुझी नजर आधी त्या आकड्यावर जाईल. मोबाइलवर बोटाने मी काहीही लपवू शकेन, पण तू लिफ्टवाला आहेस. पाच मिनिटांत तुला कळेल. आणि कळलं नाही तरी मला कळत राहील, तू माझ्या हातचं जेवत असताना.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

मी आत होते.

त्या दुपारी मी बाजारातून आले, लिफ्टने वर आले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या. ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसले तेवढ्यात बेल वाजली. तुझं खाकरणं ऐकलं. तू बेल वाजवण्याआधी खाकरतोस, लहानपणापासून. मी दाराजवळ आले. तू म्हणालास, "ताई, आहेस का घरात?" तुझ्या माझ्यात दाराची जाडी तेवढी होती. हात कडीपर्यंत गेला. मी दाराआड उभी राहून रडत होते. तू पुन्हा विचारलंस. मग पिशवीचा आवाज आला, मग पायऱ्यांवर तुझे बूट.

संत्री मी खाल्ली. सगळी. एकटीने, रागारागात. गोड होती.

न उघडण्याचं कारण मी तुला काय सांगू? बाबा जाताना तुझं नाव घेत होते. मी त्यांचं गू-मूत काढलं आणि ते तुझं नाव घेत होते. तुझा काही दोष नव्हता त्यात. दोष नव्हता म्हणूनच इतका राग आला असेल.

पण ते जुनं झालं. त्या दुपारी मी नुसती गप्प बसले होते. आत्ता मी बोलले, आणि खोटं बोलले, तेही चूक म्हणून. जिथे कुणी खोटं बोलत नाही नेमक्या तिथे. तुझ्याकडून माझ्यासाठी माफी काढून घेतली आणि वर तुलाच माफी मागायला लावते आहे. याच्यासारखा हलकटपणा मी दुसरा केलेला नाही.

हे पत्र टाकण्याआधी कट्ट्यावर लिहिलं. "चूक: पायरीने नवव्या भागात काढलेली चूक खोटी आहे. ती लिफ्ट जिथे सोडतात तिथेच उभी राहते. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण मी त्या बिल्डिंगमध्ये राहते. मी काका नाही. मी मोठी आहे. कौतुक: खटका, तू पहिल्यांदा म्हणालास तेच बरोबर होतं."

सगळी पत्रं एकाच पाकिटात घालते आहे, आधीचीसुद्धा. कुठे काय गाळलं ते तुला दिसू दे.

येऊ नकोस असं म्हणत नाही. ते एकदा म्हणून झालं आहे.

ताई


१७ मे

बारक्या,

महिनाभर तुझा भाग नव्हता. कट्ट्यावर माझी यथेच्छ पूजा बांधून झाली. खटका म्हणाला, "बाईने एकदा भाऊ घालवला, आता गोष्ट घालवली." त्याला काय बोलणार? वंगणांनी माझं नाव काढून टाकलं नाही. पायरीच्या त्या प्रतिसादापुढे फक्त 'खोटी चूक' असं लिहून ठेवलं, लाल अक्षरांत. लिफ्टवर बंद असल्याची पाटी लावतात तसं. मी रोज जाऊन ती पाटी वाचत होते.

मेकॅनिक काका तेल द्यायला आले होते. चहा घेतला. जाताना म्हणाले, "मी अर्धं सांगितलं असतं तर चाललं असतं, ताई. तुम्ही पूर्ण ऐकून अर्धं सांगितलंत." कप धुऊन ठेवला त्यांनी. एरवी ठेवत नाहीत.

आज दहावा भाग आला. नवीन. जुना तू काढून टाकलास.

दाराच्या आतून लिहिला आहेस. बाजाराच्या पिशव्या, तांदळाचं ताट, खाकरणं, सगळं माझ्या पत्रातलं. मोठी दाराआड उभी आहे, हात कडीवर आहे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तू तिला रडवलंस आणि तिथेच सोडून दिलंस. वाचता वाचता मला समजलं की तू पुन्हा मला सांभाळून घेतो आहेस, आणि पुन्हा माझ्याच शब्दावर.

म्हणून प्रतिसाद दिला, ह्या वेळी 'मोठी' याच नावाने. "चूक: मोठी रडत नव्हती. पत्रात तिने तसं लिहिलं, कारण रडणाऱ्या बाईला लोक माफ करतात. ती कान देऊन ऐकत होती. तो पुन्हा विनवतो का, हे तिला ऐकायचं होतं, आणि त्याने विनवलं तेव्हा तिला बरं वाटलं. रडली ती नंतर, संत्री खाताना. कौतुक: तांदळात पडलेला एक खडा तिने हातात घट्ट धरून ठेवला होता, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते तुला कसं कळलं?"

मी कवळी घासायला घेतली, पुन्हा मोबाइल बघितला, पुन्हा घासायला घेतली. मालक म्हणाले, किती घासाल, दात राहतील का त्यावर?

दुपारी तुझं उत्तर आलं. "चूक मान्य. दुरुस्त करतो." बस, एवढंच. मी म्हटलं, ठीक आहे, आपल्या लायकीचं मिळालं. आणि त्याच्या खाली थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली, सगळ्या लिफ्टवाल्यांसमोर.

"ताई, आहेस का घरात?"

माझी बोटं मेणाने चिकट झाली होती. पुसलीसुद्धा नाहीत. "आहे" असं लिहून पाठवलं.

लगेच वंगण हजर. "चूक आधी, कौतुक नंतर. नियम सगळ्यांना सारखा. प्रतिसाद काढावा लागेल." खरंच काढून टाकला. मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता काय झालं ते लॅबमधल्या पोरींनी बघितलं, आता सांगत सुटतील.

मग नियमाप्रमाणे लिहिलं. "चूक: उत्तर द्यायला चार वर्षं लागली. आहे घरात."

तो राहिला. खाली खटक्याचा अंगठा आहे.

संध्याकाळी तुझा वेगळा निरोप आला, पुढच्या रविवारी येतो म्हणालास. त्यात रागावला नाहीस आणि माफही केलेलं नाहीस, ते मी नीट वाचलं आहे. समोर बसून काय बोलायचं ते बोल. मी मध्ये बोलणार नाही, निदान प्रयत्न करेन. माळ्यावरची बाबांची औषधं काढून ठेवली आहेत, ती आपण दोघं मिळून टाकून देऊ.

एक सांगून ठेवते. रविवारी सकाळी मी लिफ्टने खाली जाईन आणि जिन्याने वर येईन, म्हणजे ती तुला तळमजल्यावर उभी मिळेल, ताटकळावं लागणार नाही. आकडा बघून घरात कुणी नाही असं समजू नकोस.

ताई